मोकळ्या ओळीचं वजन

मामा गेला तो सोमवार. सकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती. परळच्या हॉस्पिटलात खाटेजवळ आम्ही तिघं होतो: मी, माझी बायको रेखा आणि आमच्या चाळीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या शेवंतामावशी. जिना कोसळून मामा पडला त्याला त्या दिवशी एकोणीस दिवस झाले होते. कागदावर कारण न्यूमोनिया लिहिलं आहे आणि ते खरं आहे. पण मी एका पतपेढीत आकडे तपासायची नोकरी करतो. शेवटच्या आकड्यावर सही करण्याआधी वरचे सगळे बघायची सवय आहे मला. वर बघत गेलं की एक बुधवारची दुपार लागते, आणि त्या दुपारी मी लिहिलेली एक नोटीस लागते. एकूण ओळी एकतीस. कामाची ओळ चोविसावी.

नर्सनं उशीखालचा त्याचा फोन काढून रेखाच्या हातात दिला. त्यात एकशे चौदा नोंदी होत्या. शेवटची अर्धवट होती... तिच्याकडे मी नंतर येतो.

दिनकरमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. घोडपदेवच्या आमच्याच चाळीत, दुसऱ्या मजल्यावर सत्तावीस नंबरच्या खोलीत राहायचा. आम्ही पहिल्या मजल्यावर नऊ नंबरमध्ये. मामी लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. अठ्ठावीस वर्षं त्यानं गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवले. शिशाचं एकेक अक्षर उचलायचं, हातातल्या पट्टीत उलटं लावायचं, ओळ भरली की पुढची. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं. कॉम्प्युटर आले आणि छापखाना बंद झाला. मालकानं जाताना प्रत्येकाला हवं ते घेऊन जा म्हणून सांगितलं, तर बाकीच्यांनी आपापल्या नावाची अक्षरं उचलली आणि यानं शिशाच्या चार पातळ कोऱ्या पट्ट्या आणल्या. तंबाखूच्या एका जुन्या डबीत त्या त्याच्या खिडकीत असायच्या. मी चाळीच्या समितीचा चिटणीस झालो तेव्हा त्यातली एक त्यानं बघायला म्हणून माझ्या तळहातावर ठेवली.

"यावर तर काहीच नाही," मी म्हटलं.

"नाहीच. ही दोन ओळींच्या मध्ये घालायची. मोकळी जागा."

"चांगली जड आहे की."

"मग? मोकळी जागा आपोआप राहते असं वाटलं होय तुला? ती उचलून ठेवावी लागते रे. न ठेवली तर वरची ओळ खालच्या ओळीवर बसते, आणि दोन्ही जातात."

फोन हातात आल्यावरही त्याचं हेच सुरू राहिलं. फोटो नाहीत, गाणी नाहीत. साध्या नोंदी लिहायची जी जागा असते, नुसती अक्षरं, तेवढीच तो वापरायचा. तिथे अक्षर मोठं करता येत नाही, रंग देता येत नाही. "एकच खिळा, एकच शाई. आता काय ती अक्कल वापर," म्हणायचा. चाळीच्या ग्रुपवर शब्द जाड करायची युक्ती मी त्याला शिकवली, ती त्यानं एका दिवसात सोडली. माझ्या फोनवर जाड दिसणारा शब्द त्याच्या नोंदीत उतरवला की दोन चांदण्यांच्या मधे अडकलेला दिसायचा. समोरच्याच्या फोनवर काय दिसणार ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून सगळीकडे सारखं दिसेल तेवढंच घ्यायचं, हा त्याचा हिशेब: अक्षर, आकडा, टिंब, मोकळी ओळ. ओळ एवढी आखूड की लहान फोनवरही मोडू नये. एका ओळीत एकच गोष्ट. वार आणि वेळ दर नोंदीत एकाच जागी, म्हणजे डोळ्याला शोधावं लागत नाही. आणि अगदी पहिल्या ओळीत, वाचणाऱ्यानं आत्ता काय करायचं ते. मग मोकळी ओळ. कारणं तिच्या खाली.

लिहून झालं की तो तिसऱ्या मजल्यावर जायचा. शेवंतामावशी सुकी मासळी विकतात, मामाच्याच वयाच्या, एकाच वर्षी दोघं या चाळीत जन्मलेले, त्यामुळे अरे-तुरे. त्यांचं वाचन चौथीपर्यंतचं आणि फोनची काच कोपऱ्यात तडकलेली. मामा फोन त्यांच्यासमोर धरायचा, तीन मोजायचा आणि उलटा करायचा.

"काय दिसलं?"

"तुझं नाक दिसलं. धर नीट."

"शेवंते, मस्करी नको. काय करायचं लिहिलंय?"

"उद्या पाणी भरून ठेव म्हणतोस. बरोबर? आता हो बाजूला, सुकटीवर सावली पडते."

शेवंतामावशींना तीन आकड्यांत कळलं तर नोंद पास. नाहीतर हा परत खाली येऊन ओळी मोडत बसायचा.

आमची चाळ तळमजला आणि वर तीन मजले, खोल्या बेचाळीस, जिने दोन. पुढचा रस्त्याकडे, मागचा नळांकडे. दीड-दोन वर्षांपूर्वी मागच्या जिन्यालगतच्या भिंतीत पहिली भेग दिसली. मग काही दारं बसेनाशी झाली. एकतीस नंबरचं दार एके दिवशी उघडलं ते लागेचना. आमच्याकडे घडी घालून ठेवलेल्या कपड्यांवर सकाळी पिठासारखी पांढरी पूड असायची, रेखा ती झटकायची आणि मी रंगाचे पापुद्रे आहेत म्हणायचो. मामानं फ्रेमवाल्याकडून काचेच्या बोटभर रुंद पट्ट्या आणल्या आणि भेगांवर आडव्या बसवल्या, दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की. काच ताणत नाही. भिंत केसभर जरी सरकली तरी ती फुटते. एकूण नऊ पट्ट्या, प्रत्येकीखाली लाल रंगानं नंबर. एक ते चार पुढच्या जिन्यात, पाच ते आठ मागच्या. नववी त्यानं स्वतःच्या दाराबाहेर लावली, तिथे भेग जेमतेम होती तरी. दर रविवारी सकाळी नऊ वाजता हा टॉर्च घेऊन खालपासून वर जायचा. त्याची पावलं प्रत्येक काचेपाशी थांबायची. आम्ही आत चहा पीत असायचो, आणि तो पावलांचा आवाज पुन्हा सुरू होईपर्यंत कुणी बोलायचं नाही.

समितीनं इंजिनिअर नेमला. त्याचा अहवाल चौदा पानांचा आला, दाट, आणि फळ्यावर टाचणीनं लटकून राहिला. बेचाळीस खोल्यांतल्या किती जणांनी तो वाचला मला ठाऊक नाही. मी तिसऱ्या पानापर्यंत वाचला होता. मामानं त्याच्या सहा ओळी केल्या. पहिली ओळ होती: "जिन्यात एका वेळी दोनच माणसं." त्या सहा ओळी ग्रुपवर गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून लोक जिन्याच्या तोंडाशी एकमेकांना थांबवायला लागले. "थांब, दोन आहेत." मुलं खेळातसुद्धा म्हणायची.

ग्रुपबद्दल एक सांगायला हवं. सकाळ-संध्याकाळच्या फुलांच्या चित्रांना कंटाळून आम्ही त्यावर लिहायचा अधिकार फक्त चिटणिसाला, म्हणजे मला, ठेवला होता. बाकीच्यांनी वाचायचं, आणि फार तर नोटिशीखाली एखादी खूण उमटवायची. मामा लिहायचा, मला पाठवायचा, मी जसंच्या तसं पुढे टाकायचो. मग एका बैठकीत तळमजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "चिटणीस, तुमच्या नोटिसा म्हणजे हुकूम असतात. हे करा, ते करू नका. नमस्कार-चमत्कार काही नाही. आम्ही काय भाडेकरू आहोत का तुमचे?" दोघा-तिघांनी माना हलवल्या. मला लागलं ते. त्यानंतर मी मामाच्या नोंदींना वर थोडं जोडायला लागलो. आधी एक ओळ, मग चार...

मामा म्हणाला, "नमस्कार तळाला घाल."

"बरं दिसत नाही मामा. आधी माणसाला मान द्यायचा, मग काम सांगायचं."

"वाचून वाचला तर मानही घेईल रे तो. तळाला घाल."

मी मान डोलावली, आणि घातला वरच.

त्या बुधवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मी दादरला ऑफिसात डबा उघडत होतो. मामाचा फोन आला. "सहा नंबर गेली. सरळ दोन तुकडे. मी पाठवलंय, लगेच टाक." त्यानं पाठवलेलं हे:

मागचा जिना बंद. वापरू नका.

काच ६ फुटली.
बुधवार, दुपारी १.
पुढचा जिना चालू.
एका वेळी दोनच.

मोकळी ओळ धरून सहा. ती बोट लावून पुढे सरकवायला तीन सेकंद लागले असते. मी ती माझ्या पद्धतीनं लिहायला घेतली. सर्व सन्माननीय रहिवासी बंधू-भगिनींना सप्रेम जयभीम व नमस्कार. रविवारच्या बैठकीला उपस्थित राहिल्याबद्दल आभार. मग सुचलं की गुरुवारी टाकी धुवायची आहे, तेही यातच उरकू. मग वाटलं, एकदम जिना बंद म्हटलं तर लोक चिडतील, म्हणून भेगा कधीपासून आहेत, इंजिनिअर काय म्हणाले, समितीनं काय काय केलं. मग, आपले ज्येष्ठ रहिवासी आदरणीय दिनकरमामा यांनी निदर्शनास आणून दिल्यानुसार... एक वाजून बावन्न मिनिटांनी पाठवली. बेचाळीस मिनिटं. मला ती नोटीस आवडली होती, हेही लिहून ठेवतो. दोन वेळा वाचली मी ती.

नोटीस लांब झाली की फोन ती पूर्ण दाखवत नाही. वरचा भाग दाखवतो आणि खाली "अधिक वाचा" असं लिहितो. माझ्या नोटिशीत वर राहिले ते नमस्कार, आभार आणि पाण्याची टाकी. जिना खाली गेला. अडीचपर्यंत तिच्याखाली बावीस जणांनी हात जोडल्याच्या खुणा उमटवल्या होत्या. बावीस नमस्कार. इतके मला कधी आले नव्हते, आणि मी ते मोजून समाधानानं फोन ठेवला.

तीन वाजता मामाचा फोन आला. मी साहेबांच्या केबिनमध्ये होतो, कट केला. पुन्हा आला. पुन्हा कट केला. त्यानं मग फोन करणं सोडलं.

पुढचं मला शेवंतामावशींनी सांगितलं, आणि नळावर असलेल्या दोघींनी. मामानं कपडे वाळवायची दोरी सोडवून तळाशी जिन्यात आडवी बांधली. पहिल्या मजल्यावर आणखी एक. दुसऱ्यावर स्वतःचं धोतर बांधलं, दोरी संपली होती. तिसऱ्यावर बांधायला चादर घेऊन तो त्याच जिन्यानं वर निघाला, कारण तिथे जायला दुसरी वाट पुढच्या जिन्यानं, आणि एकाहत्तराव्या वर्षी तिकडून वळसा घालायला त्याला दहा मिनिटं लागली असती. तीन-चाळीसला मावशी टोपली डोक्यावर घेऊन वरून उतरायला लागल्या. मामा जिना वळतो त्या मधल्या चौकात पोचला होता. त्यानं वर बघितलं आणि ओरडला, "शेवंते, थांब तिथेच." आयुष्यात तो कधी ओरडला नव्हता, म्हणून त्या थांबल्या. पायरीवरचा पाय त्यांनी मागे घेतला. मग त्यांना आवाज आला... मोठा नव्हता म्हणतात, पोतं टाकल्यासारखा. धूळ वर आली. ती बसली तेव्हा चौक नव्हता आणि मामा खाली दुसऱ्या मजल्याच्या लादीवर होता.

कंबरेचं हाड आणि तीन बरगड्या. पहिले चार दिवस तो गुंगीत होता. पाचव्या दिवशी त्यानं फोन मागितला, माझी नोटीस उघडली आणि बोटानं ओळी मोजत खाली गेला. मी खाटेशेजारी उभा होतो. मावशी पायाशी बसल्या होत्या.

"चोविसावी," तो म्हणाला.

"माझी चूक झाली मामा."

"हो."

बस, एवढंच. त्यानंतर त्या विषयावर तो कधी बोलला नाही, आणि त्यानं थोडं तरी बोलावं असं मला वाटत राहिलं. मावशी मात्र बोलल्या. "मी पण हात जोडले होते रे त्याला. म्हटलं, पोरानं एवढा नमस्कार केलाय तर आपण पण करावा. जिन्याचं मला काय माहीत."

मामा म्हणाला, "रविवार कधी आहे?"

त्या रविवारपासून काचा मी बघायला लागलो. टॉर्च त्याचाच. तो खाटेवरून विचारायचा, मी सांगायचो. मागचा जिना पत्रे ठोकून बंद केला होता, म्हणजे बेचाळीस खोल्यांची ये-जा पुढच्या एका जिन्यावर आली होती. दुसऱ्या रविवारी काच दोनवर मला एक केस दिसला. मी पुसून पाहिला. तो केस नव्हता, आतली रेघ होती. मामाला सांगितलं तेव्हा त्यानं डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग त्याचा अंगठा फोनवर हलताना दिसला.

ती एकशे चौदावी नोंद.

खोल्या सोडा.

कारण:

कारणापुढे काही नाही. त्याच रात्री ताप चढला आणि सोमवारी सकाळी तो गेला. पंचशील म्हणून आम्ही त्याला निरोप दिला. मंगळवारी मी ती नोंद ग्रुपवर टाकली, जशी होती तशी. वर नमस्कार नाही, खाली दुःखद निधन नाही. "कारण" हा शब्दही काढला नाही. पहिला फोन सहा मिनिटांत आला. विचारणाऱ्यांना मी कारण सांगत गेलो, पण बऱ्याच जणांनी विचारलंच नाही. तीन आठवड्यांत सदतीस खोल्या रिकाम्या झाल्या. कुणी कळव्याला गेलं, कुणी मुलीकडे. आम्ही शीव कोळीवाड्याला रेखाच्या भावाकडे आलो. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही तिथेच केला, कारण चाळीच्या गच्चीवर माणसं जमवायची माझी हिंमत नव्हती.

पाच खोल्या हलल्या नाहीत. खोली सोडली की हक्क जाईल ही भीती, आणि ती खोटी आहे असं मी त्यांना सांगू शकत नव्हतो. शेवंतामावशी त्या पाचांत होत्या. "माझ्या सुकटीचा वास दुसऱ्या कुठल्या बिल्डिंगीत चालतो सांग. दिनूनं एकदा थांब म्हटलं, थांबले. आता कितीदा ऐकू?" पाच खोल्यांत मिळून चौदा माणसं.

गेल्याच्या गेल्या रविवारी मी नऊ वाजता काचा बघायला गेलो. एक नंबर ठीक. दोन नंबर खाली पायरीवर पडली होती. भिंतीवर सिमेंटचे नुसते दोन ठिपके, आणि त्यांच्या मधल्या भेगेत माझं नख गेलं. मी तिथेच उभा राहून फोन काढला. माझा नाही, मामाचा. तो मी दर रविवारी टॉर्चबरोबर नेत असे, काच फुटलीच तर नोंद त्यातच करायची म्हणून. आदल्या आठवड्यात मी त्याच्या नंबरला ग्रुपवर लिहायचा अधिकार देऊन ठेवला होता. का दिला, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. हयात असताना द्यायला हवा होता, एवढं कळत होतं. मी लिहिलं:

आत्ता खाली या. एकेक जण.

काच २ फुटली.
रविवार, सकाळी ९.

पाचही खोल्यांतल्या फोनांवर मामाचं नाव आलं. हे बरोबर केलं की चूक, मी अजून ठरवलेलं नाही. दारं उघडल्याचे आवाज आले. कुणी हाका मारल्या नाहीत. एकेक जण भिंतीला हात न लावता उतरत आला, मी मोजत होतो. चौदाव्या शेवंतामावशी, टोपली न घेता. खाली रस्त्यावर आल्यावर त्या फोन माझ्यासमोर धरून उभ्या राहिल्या.

"दिनूचं नाव बघून आधी फोन पालथा घातला मी," त्या म्हणाल्या. "मग वाचलं. तीन मोजायच्या आत वाचलं."

तेव्हा नऊ वाजून अडतीस मिनिटं झाली होती. त्या दिवसापासून चाळीला दोन्ही बाजूंनी अडथळे लावले आहेत आणि आत कुणी नाही. मामाला जाऊन पाच आठवडे झाले. हे लिहीत असेपर्यंत चाळ उभी आहे. मी रोज ऑफिसच्या आधी मुद्दाम तिकडे जाऊन समोरच्या फुटपाथवरून बघतो. दुसऱ्या मजल्यावर मामाची खिडकी अर्धी उघडी राहिली आहे, आत काळोख आहे. त्याच्या दाराबाहेरची नऊ नंबरची काच मी शेवटची पाहिली तेव्हा शाबूत होती. आता ती बघायला कुणी जाऊ शकत नाही.

त्याचा फोन माझ्याकडे आहे, नोंदी एकशे पंधरा. शनिवारी रात्री मी तो चार्ज करतो. रविवारी नऊ वाजता हातात घेतो आणि ठेवून देतो. तंबाखूची डबी मात्र त्या दिवशी आणायची राहिली. चार कोऱ्या पट्ट्या, फार तर पाव किलो. तेवढं वजन अजून त्या मजल्यावर आहे.